वालाचा दाणा कुणाला

शुक्र. १३ फेब्रु.
नितू आला. दोन वर्षांनी पोटचा पोरगा अमेरिकेहून येतो आणि चिखलीत स्वतःचं घर असताना बायकोला घेऊन लॉजवर उतरतो. ह्यांचं फर्मान: लग्न आम्हाला न विचारता केलं ना, मग मुक्कामही आमच्याकडे नको. वरच्या खोलीत धुतलेल्या चादरी घातल्या होत्या मी. काढल्या.

सूनबाईचं नाव सिमोन. लुइझियानाची. मेहकरहून नणंदबाई, आमच्या अक्का, मुद्दाम बघायला आल्यात. मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, "लयच काळी हाय वं." अक्कांच्या घरी आरसा नसावा.

रवि. १५. महाशिवरात्र.
नितू एकटाच आला, उपासाचं खाल्लं. जाताना ओट्यावर थांबून म्हणाला, "आई, बाबानं एकदा तोंडानं 'या' म्हटलं तं दरसाल येईन. नाई तं हे शेवटचं. तिले आनखी किती वेळा लॉजवर ठेवू?"
डबा भरून दिला.

सिमोनच्या गावी जानेवारीपासून कार्निव्हल चालू आहे. नाच, मिरवणुका, खाणं. शेवटचा दिवस परवाचा मंगळवार. तो तिला इथे, सासरी, रांधून साजरा करायचाय. ह्यांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता: "जेवाले बसन. बोलाले लावजो नोको."
उपकारच म्हणायचे.

सोम. १६.
तिच्याकडच्या केकमध्ये एक छोटी बाहुली लपवतात. जिच्या-ज्याच्या तुकड्यात निघेल, त्यानं पुढच्या वर्षी सगळ्यांना घरी बोलावून जेवू घालायचं. अक्कांची कवळी, म्हणून बाहुलीऐवजी वालाचा दाणा. केक बेकरीवाल्या चाचांनी भट्टीत भाजून दिला. वर जांभळी, हिरवी, पिवळी साखर. हे म्हणाले, रांगोळी खायची का आता.

दाणा खालून मीच खुपसला. जागा लक्षात ठेवलीय. उद्या कापणारही मीच. लबाडी तर लबाडी.

मंगळ. १७. अमावस्या.
उद्यापासून तिच्या लोकांचे उपासाचे चाळीस दिवस, म्हणून आज तिकडे मटण-मासळी पोट फुटेस्तोवर. पण ह्यांना मंगळवारी मांस चालत नाही, वरून अमावस्या. तिनं स्वतःच्या सणाला मांस सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मैदा तेलात चॉकलेटी होईपर्यंत हलवत बसली, हात दुखला तरी मला पळी देईना. मग कांदा, ढोबळी मिरची, भेंडी, अंबाडी. गंबो म्हणतात. भातावर घ्यायचं. अक्का नाक मुरडत बसल्या आणि तीनदा वाढून घेतलं. ह्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, पण ताट पुढे सरकवलं. परत सरकवलं. सिमोन वाढत होती, चेहरा असा फुललेला.

केक कापला. तो तुकडा ह्यांच्या ताटात. बघत होते मी. चावता चावता थांबले. रुमालानं तोंड पुसलं, पाणी प्यायले.
सगळ्यांचं खाऊन झालं. कुणालाच दाणा नाही. सिमोन हसून इंग्रजीत म्हणाली, केक उचलताना खालून पडला असेल, माझीच चूक. नितू हसला नाही. बापाकडे बघत राहिला.
मी तरी कुठे बोलले. बोलले असते तर माझी लबाडी उघडी पडली असती, आणि ओढून काढलेल्या 'या'वर पोरगा काय येणार होता.

बुध. १८.
रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेले. दोघं पाया पडले. ह्यांनी 'हूं' केलं. सिमोननं मला मिठी मारली, माझा पदर सुटला, अक्का बघतच राहिल्या.
झोपताना ह्यांना सरळ विचारलं, दाणा गिळला ना? "कोनता दाना वं?" म्हणाले आणि कूस बदलली. आयुष्यभर ह्यांच्या मंगळवारांना शेंगदाण्याची आमटी केली मी, आणि मलाच विचारतात कोणता दाणा. संताप संताप झाला.

गुरु. १९.
बाहेर शिवजयंतीचे ढोल. ह्यांचा परवाचा सदरा धुवायला घेतला. खिशात रुमाल, रुमालात गाठ, गाठीत दाणा.

म्हणजे गिळला नाही. फेकलाही नाही. जास्तच राग आला. गिळला असता तर निदान विषय संपला असता. गाठीत बांधून ठेवलेलं बोलावणं घेऊन काय करू मी? पोराला कसं कळणार ते? हा माणूस भूक लागली तरी नुसतं ताट सरकवतो, माया आली तरी गाठ मारतो.

विमान आज रात्रीचं. नितू संध्याकाळी मुंबईहून फोन करणार आहे. फोन ह्यांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला. शेजारी बशीत दाणा. हे आले, बसले, बशी बघितली. मी इकडे स्वयंपाकघरात येऊन लिहीत बसले.

फोन वाजतोय.
"अवं, फोन वाजून राह्यला," म्हणतात. ऐकू येतंय मला. ढोलही वाजताहेत, फोनही. मी उठणार नाही.