पुढच्या सीटखालचं पाणी

२३ फेब्रुवारी २०२०, रविवार. नायमेखन, नेदरलँड्स.

बंद गाडीच्या आत पाणी येतं कुठून? मला माहीत नाही.

हे वाक्य लिहिताना त्रास झाला. मी चिप कंपनीत फेल्युअर अ‍ॅनालिसिस करते. बिघडलेल्या वस्तूचं मूळ कारण शोधायचं, याचाच मला पगार मिळतो.

गाडी घेऊन तीन आठवडे झाले. निळी, जुनी, पण आमच्या घराण्यातली पहिली. आज पुढच्या उजव्या सीटसमोरचं मॅट उचललं तर खालचं कार्पेट चिंब. बाकी तिन्हीकडे कोरडं. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. म्हणजे उजवी सीट अण्णांची.

अण्णा आणि आई मे महिन्यात येणार आहेत. अण्णांनी जन्मभर इचलकरंजीत माग चालवले. गावाकडे जाताना वडापच्या शेअर जीपमध्ये कायम मागच्या फळीवर, पाय बाहेर. ड्रायव्हरशेजारी मास्तर नाहीतर सोसायटीचे चेअरमन. म्हणून मी ठरवलंय, अण्णांच्या आधी त्या सीटवर कोणीही बसणार नाही. मंजूषालाही मागे बसवते. ती वरच्या मजल्यावर राहते, ऑफिसही एकच. म्हणते, मी काय उबरमध्ये बसलेय का?

पूजेच्या दिवशी गाडी कोरडी होती, हे नक्की. मंजूषा सुट्टीहून येताना अण्णांनी दिलेलं पाकीट घेऊन आली होती. जोतिबाचा गुलाल आणि खोबऱ्याचे तुकडे. व्हिडिओ कॉल लावून मी चिमटीने टाकत होते. अण्णा ओरडले, चिमटीनं काय टाकतीस, आमटीत मीठ घालतीस काय? उधळ की! मग मूठ भरून काचेवर, बॉनेटवर उधळलं. म्हणाले, निम्मं ठेव, मी आलो की माझ्या हातानं उधळतो. निम्मं किचनच्या ड्रॉवरमध्ये आहे.

मेपर्यंत भरपूर वेळ. लीक म्हणजे दोन वीकेंडचं काम.

१ मार्च

थिअरी एक: दाराचं रबर. रबरावर खडू फासला, दार लावलं, उघडलं. एका जागी खडू उमटला नाही. सिद्ध.

सिलिकॉन भरलं. शिवाय दाराच्या खालच्या कडेला तीन भोकं सापडली! कारखान्यातूनच राहिलेली दिसतात. तीही बुजवली. युरोपियन इंजिनियरिंगबद्दलचा आदर जरा कमी झाला. कंपनीला सौम्य भाषेत ईमेल लिहिली.

संकल्प: या कामाचा व्हिडिओ करायचा, इचलकरंजीच्या मुलींसाठी. आपल्याला कोणी सांगितलंच नाही की गाडी उघडूनही बघता येते.

१५ मार्च

पाऊस. गोल चौकात गाडी वळवली की उजव्या दारातून माठ हिंदकळल्यासारखा आवाज येतो. ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठीच असतात, असं कळलं. कंपनीचं उत्तर आलेलं नाही, ते बरंच झालं.

भोकं मोकळी केली. दारातून बादलीभर पाणी बुटात गेलं. कार्पेट मात्र होतं तसंच ओलं. म्हणजे थिअरी एक चूक नव्हती, अपुरी होती.

संध्याकाळपासून सगळी हॉटेलं, शाळा बंद. ऑफिस घरून. अण्णा म्हणाले, रोग तिकडं हाय न्हवं? मग तू इकडं ये. मी त्यांना ग्राफ समजावला. दोन महिन्यांत उतरेल. मे सेफ आहे.

२४ मार्च

मुंबईहून विमानं बंद. तिकीट रद्द. आता सप्टेंबरमध्ये यायचं ठरलं.

एका अर्थी चांगलंच. लीकला घाई करायला नको.

१४ जून

मोठा दिवस! मॅटखाली पेपर पसरून ठेवले होते. आज काढले तर डाग गुलाबी.

इंजिन थंड ठेवणारं पाणी, कूलंट, माझ्या गाडीत गुलाबीच आहे. ते पाइपातून डॅशबोर्डच्या मागे हीटरमध्ये जातं. म्हणजे पाऊस नाहीच, हीटर फुटलाय. थिअरी दोन. इतका स्वच्छ पुरावा ऑफिसातसुद्धा मिळत नाही.

मंजूषा दीड मीटरवरून म्हणाली, अगं, गॅरेजला दाखव ना बाई. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या घरात पहिल्यांदा कोणी शिकलंय, त्या घरातल्या शिकलेल्या माणसाने प्रत्येक गोष्ट दुसऱ्याला विचारायची, तर शिकून उपयोग काय? ती म्हणाली, वीणा, तुझी डिग्री भिजलीये.

५ जुलै

कूलंटच्या बाटलीवर पेनाने खूण केली होती. पातळी तसूभरही उतरलेली नाही. म्हणजे लीक फारच सूक्ष्म आहे.

इंटरनेट म्हणतं, कूलंटला गोडसर वास येतो. माझ्या गाडीला खवट वास येतो, जुन्या खोबरेलासारखा. नाकं वेगळी असू शकतात.

अण्णा रोज म्हणतात, गाडी दाव. मी स्टिअरिंगपासून मागच्या काचेपर्यंत दाखवते. आज म्हणाले, पुढची दुसरी सीट दाव की. मी म्हटलं, नेटवर्क जातंय. खोटं बोलले असं नाही म्हणता येणार. नेटवर्क कधी ना कधी जातंच.

९ ऑगस्ट

उष्णतेची लाट. कार्पेट कोरडं, कडक, पापडासारखं. हीटर बंद असल्यामुळे लीक थांबलाय. थिअरी दोन पक्की. फाइल बंद करत आहे.

सप्टेंबरचं होत नाही. व्हिसा ऑफिस बंद. अण्णा म्हणाले, गाडी काय पळून जातीया व्हय?

४ ऑक्टोबर

पाऊस. फाइल पुन्हा उघडली.

१६ जानेवारी २०२१

लॉकडाउन. थंडी उणे. बर्फ काचेच्या आतून जमतोय. इतर लोक गाडीच्या बाहेर उभं राहून काच खरवडतात, मी आत बसून. समोरचे हेंकआजोबा कुत्रा घेऊन थांबले, बराच वेळ बघत राहिले, मग अंगठा दाखवून गेले.

हीटरला हात घालायचा तर आधी कार्पेट वाळायला हवं, आणि त्यासाठी सीट काढायला हवी. काढली. दोन मजले एकटीने वर आणली. हॉलमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरशेजारी ठेवली. खालच्या बाजूला हिरवट बुरशी होती, व्हिनेगरने पुसली. आठवड्याचं काम.

७ फेब्रुवारी

बाहेर गुडघाभर बर्फ. सीट अजून हॉलमध्येच.

कॉलवर मागे सीट दिसली. अण्णा म्हणाले, ही काय गं? घरात गाडीची सीट? मी म्हटलं, स्वच्छ करायला आणलीय. इतके हसले की खोकला लागला. तो मागाच्या धुळीचा खोकला, जुनाच आहे. मग आईला हाक मारली. आगं बघ, लेकीनं माझी जागा घरात नेऊन ठेवलीया. आई म्हणाली, पट्टा पण हाय का? पट्टा गाडीत आहे, असं सांगितलं.

फार समाधान वाटलं. काम योग्य दिशेने चाललंय.

११ एप्रिल

पुढच्या वीकेंडला डॅशबोर्ड उघडणार. स्क्रू ठेवायला बर्फाचे ट्रे आणले, प्रत्येक खणावर नंबर.

अण्णांना ताप. धाकटा भाऊ कुशल म्हणाला, गावात सगळ्यांनाच आहे, बदलतं हवामान. पटण्यासारखं आहे.

१८ एप्रिल

डॅशबोर्डचा वरचा भाग निघाला. हीटरपर्यंत अजून पोचले नाही.

अण्णांचा ऑक्सिजन ९१. मग ८८. बाजारातल्या या चिमट्यांवर विश्वास ठेवता येत नाही. कुशलला सांगितलं, बोट बदल, हात चोळून गरम कर, नेलपॉलिश नाही ना बघ. तो म्हणाला, ताई, अण्णांना नेलपॉलिश?

बोट बदलून ८७. इन्स्ट्रुमेंट एरर.

२२ एप्रिल

अण्णांना ॲडमिट केलं. खबरदारी म्हणून. सांगलीत बेड मिळाला. मिळाला, हे महत्त्वाचं. आईला आत सोडत नाहीत, ती बाहेर झाडाखाली बसून असते.

डॅशबोर्ड पूर्ण निघाला. आत केवढ्या तारा!

२६ एप्रिल

आज संध्याकाळपासून भारतातून इकडे विमानं बंद. कुशल म्हणाला, ताई, तू येऊ नको. आलीस तर परत जाता यायचं न्हाई. नोकरी जाईल. आन् हितं वॉर्डात तुला सोडणार कोण? आमालाच सोडंनात. त्याचं म्हणणं तर्काला धरून आहे. मी तर्काचा आदर करते.

हीटर बाहेर काढला. हातात धरून सगळीकडून बघितला. टिश्यू लावून बघितला. कोरडा ठणठणीत. कधीही ओला झालेला नाही.

तो टेबलावर ठेवलाय. उद्या पुन्हा तपासणार.

२९ एप्रिल

वॉर्डातल्या सिस्टरने स्वतःच्या फोनवरून कॉल लावून दिला. दोन मिनिटं. अण्णांच्या तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवल्यासारखं केलं, माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. मी फोन घेऊन सीटपाशी गेले, सीट दाखवली. म्हटलं, अण्णा, गाडी एकदम कोरडी आहे, काही काळजी करू नका.

त्यांना कळलं नसावं. गाडीत पाणी येतं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

३ मे

अण्णा गेले. पहाटे. कुशलला लांबून दाखवलं.

इथे पाऊस आहे.

३० मे

डॅशबोर्ड परत बसवला. तीन स्क्रू उरले.

आई फोनवर म्हणते, जेवलीस का. मी म्हणते, हो. मग दोघी फोन धरून बसतो.

व्हिडिओचं काम पुढे ढकललं आहे.

१९ सप्टेंबर, रविवार

गाडीची वार्षिक तपासणी या महिन्यात. नापास झाली तर भंगारात द्यायची, असं ठरवून टाकलं होतं. तपासणीत वायपर बघतात, माझे फाटले होते. नवे लावायला घेतले. मंजूषा सोबतीला आली होती. हल्ली ती विचारत नाही, येतेच.

वायपरचे दांडे काढल्यावर काचेच्या पायथ्याची प्लास्टिकची जाळी सैल झाली. उचलली.

खाली पन्हाळीसारखी जागा. पावसाचं पाणी काचेवरून उतरून तिथे जमतं आणि कोपऱ्यातल्या अंगठ्याएवढ्या भोकातून रस्त्यावर जातं. आमच्या भोकावर एक लगदा बसला होता. वरती झाडाची काळी पानं, आत खोबऱ्याचे तुकडे, फुगलेले, बुरशी चढलेले, आणि ते धरून ठेवणारा गुलाल. बाहेरून काळा, फोडला तर मधोमध अजून गुलाबी. भोक बंद, म्हणून पाणी चढायचं आणि शेजारच्या हवेच्या वाटेने आत उतरायचं. अण्णांच्या सीटसमोर.

कालथ्याच्या दांड्याने उकरलं. गुळगुळ आवाज झाला. तुंबलेलं सगळं पाणी खाली रस्त्यावर गेलं. चहा होईल एवढ्या वेळात काम संपलं.

मंजूषा लगद्याकडे बघत राहिली. म्हणाली, अगं, हे मी आणलेलं पाकीट ना?

मी म्हटलं, हो.

ती म्हणाली, विमानात मांडीवर धरून आणलं होतं गं, गुलाल सांडेल म्हणून.

मूळ कारण सापडलं. मी चिमटीने टाकत होते, ते बरोबर होतं.

३ ऑक्टोबर

आठवडाभर धो धो पाऊस. कार्पेट कोरडं. पेपरावर डाग नाही. गाडी तपासणीत पास. थिअरी तीन. ती मांडण्याची वेळ आली नाही.

सीट खाली नेली. एका बाजूने मंजूषाने धरली. चारही बोल्ट घट्ट. हॉलमध्ये रेडिएटरशेजारी चौकोनी जागा पांढरी पडलीय.

किचनच्या ड्रॉवरमध्ये उरलेलं निम्मं होतं. आईचा नियम आहे, वर्षभर घरात गुलाल नाही. तिला विचारलं नाही. आधी वाटलं, काचेच्या पायथ्याची जाळी टेपने बंद करावी आणि मग टाकावं. इंजिनियरने तसंच करायला हवं. टेप खिशात घेऊन खाली गेले होते.

मंजूषा सवयीने मागचं दार उघडून उभी होती. म्हणाली, वीणा, तिथे नको, बाजूला टाक.

मूठ भरली आणि काचेवर उधळलं. मग दुसरी मूठ. पाकीट झटकलं. टेप खिशातच होती.