सहावा उद्गार माझाच

५ मार्च, बुधवार. पहाटे ५.४०
आजपासून उपवासकाळ. ईस्टरपर्यंतचा संकल्प: रोज पहाटे पंधरा मिनिटं गप्प बसून देवाचं ऐकायचं. रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, तुम्ही प्रार्थनेत नुसते बोलता, ऐकता कधी? सगळी मंडळी खाली बघत होती. कोणाला बोलतायत ते मी मागे वळून बघितलं.

७ मार्च
बसलो. आधी गुड फ्रायडेचा विषय काढला. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. सहावा, म्हणजे ‘पूर्ण झालं’वाला, नऊ वर्षं माझ्याकडे आहे. यंदाही तो माझाच का असावा, हे देवाला सविस्तर सांगितलं. तेवढ्यात पंधरा मिनिटं संपली. देवाला उद्या वेळ देऊ.

९ मार्च, रविवार
यादी लागली. सहावा साहिलला! कालपर्यंत संडेस्कूलमध्ये होता. मला पहिला. क्षमेचा. बारा वाजता लोक अजून गाड्या लावत असतात, ऐकणार कोण? पाळकसाहेबांना गाठलं. म्हणाले, प्रार्थना करून ठरवलंय. आम्ही काय झोपा काढतो?

१४ मार्च
शांत बसलं की अनंत आठवतो. माझा धाकटा भाऊ, कन्हानला असतो. तीन वर्षं बोलणं नाही. पपांच्या कबरीच्या दगडावर त्याने स्वतःचं नाव माझ्या वर कोरून घेतलं. थोरला मी! विचार झटकून टाकला. सैतान अशाच वेळी येतो.

१९ मार्च
पुन्हा अनंत. सलग सहा दिवस. बायकोला, सुमतीला, सांगितलं. म्हणाली, देव बोलूनच राहिला ना तुमच्याशी, तुम्हीच आयकून नाही राहिले. तीस वर्षं हेडक्लार्क होतो. वरचे हुकूम स्वयंपाकघरातून येत नसतात.

२५ मार्च
देवाकडे स्पष्ट खूण मागितली. अनंतशी बोलावं अशी इच्छा असेल, तर आधी त्याचा फोन येऊ दे.
संध्या. ७.२०. आला. उचलला नाही. चुकून लागला असेल. एका खुणेवर निर्णय घेणं बरं नाही.

२६ मार्च
आज दोनदा आला. नेटवर्कचा गोंधळ. फोन सायलेंटवर टाकला. देवाचं ऐकायचं तर घरात शांतता नको?

६ एप्रिल, रविवार
चर्चच्या गेटवर अनंतची मुलगी उभी. चिन्मयी. म्हणाली, सोळा तारखेला बाबाची बायपास हाय, डॉक्टर नीट काही सांगून नाही राहिले. मोठेबाबा, ते रोज तुमचंच नाव घेऊन राहिले, एकदा या ना. देवाची इच्छा बघतो, म्हटलं. तर म्हणते, काहून? सख्ख्या भावाले भेटाले देवाले इचारा लागते का?
मी निघणारच होतो. पण आता गेलो तर पोरीने सुनावलं म्हणून गेलो असं होईल.

१५ एप्रिल
आज जायचं नक्की केलं होतं. पण भाषण अकराव्या पानावर अडलं. क्षमेवर जिवंत उदाहरण सापडत नाही. ऊनही कडक, त्रेचाळीस. आणि बायपास हल्ली सर्रास होतात. शनिवारी निवांत जाईन.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
क्षमेवर बावीस मिनिटं बोललो. शेवटी उदाहरण सापडलं. नाव न घेता एका थोरल्या भावाची हकिगत सांगितली, जो धाकट्याला धावत जाऊन मिठी मारतो. पुढच्या बाकावर सिंधूताई रडल्या. पाळकसाहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. जळतात.

१९ एप्रिल, शनिवार
हॉस्पिटलला गेलो. ऑपरेशन झालंय, पण तब्येतीचं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. आयसीयूत एकालाच सोडतात. अनंत जागा होता. केवढासा झालाय. नर्सने त्याला विचारलं, हे कोण तुमचे?
त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, चर्चवाले आहेत.
मग लवकर प्रार्थना करून घ्या, पाच मिनिटं आहेत, नर्स म्हणाली.
मी डोळे मिटले. एक शब्द सुचला नाही.
बाहेर चिन्मयीने विचारलं, बाबानं ओळखलं का?
हो, म्हटलं.