ग्रिमशॉ आणि मुलगा

हॅगसाइड, लँकेशायर
१३ फेब्रुवारी १९२१

क्लेमंट,

आपल्या आईचा खोकला उतरला आहे. तुझे पत्र गुरुवारी मिळाले. त्याला बाबांचे उत्तर आहे. ते शेवटी लिहीन; आधी लिहिले तर पुढचे तू वाचणार नाहीस.

"घोडी गेली त्याचं वाईट वाटलं," असे लिहितोस. गेली? ब्लॉसम कुठे फिरायला गेली नव्हती.

मी शाळेत शिकवून परतत होते. पाहिले तेवढेच लिहिते. सैन्याच्या लिलावातली लॉरी आणून तू गिरणीच्या कापसाच्या गाठी वाहण्याचे बाबांचे काम घेतलेस. तेव्हापासून ते चढाच्या पायथ्याशी ब्लॉसमला घेऊन उभे राहत, दुसऱ्यांच्या गाड्यांना तिला पुढे जोडून वर पोचवत. त्या दिवशी रस्ता गोठला होता, हा तुझा दोष नाही. लॉरीत गाठी जास्त होत्या, हा आहे.

चाके जागीच फिरू लागली तसा तू ओरडलास, "काय म्हातारबा, जोडता का तुमचं इंजिन? दाणा खाऊन आलंय ना?" गाडीवाले हसले.

"तोंड मीट आणि चाक सरळ धर," एवढे बोलून बाबांनी साखळी अडकवली.

अर्ध्या चढावर चाकांनी पकड घेतली. लॉरी एकदम पुढे आली, सैल साखळी ब्लॉसमच्या पायांत आली, ती पाय मोडून कोसळली. बाबांनी आकडा सोडवला आणि तू तिला वळसा घालून निघून गेलास. थांबलो असतो तर पुन्हा अडकलो असतो, म्हणतोस. खरे असेल. तिचे हाल संपवायला खाटकाला बोलवायला मी धावले.

बाबा अजून रोज संध्याकाळी तिच्या गळपट्ट्याला तेल लावतात.

आणि आता तुला लॉरीच्या फळीवर 'ग्रिमशॉ आणि मुलगा' रंगवायचे आहे. बाबांनी शेजारी बसून जुनी गिऱ्हाइके मिळवून द्यायची!

"नकार कळवते," मी म्हटले.

"पोरी, शाळा तू शिकलीस, पण पत्र माझं आहे. येतो म्हणून लिही."

"बाबा, त्यानं तुम्हाला—"

"लिही म्हटलं ना! तुझ्या पगारावर बसून खायचं नाही मला."

तरी मी नकारच लिहिला. त्यांना वाचता येत नाही, कळले नसते. मग तो कागद चुलीत घातला.

बाबा येतील. २१ तारखेला, सोमवारी, सकाळी सहाला चढाच्या पायथ्याशी उभे असतील. त्यांचा गुडघा दुखतो, चालत्या लॉरीत चढता येणार नाही.

थांब. या वेळी थांब.

बाबांची मुलगी,
हेस्टर