पलीकडच्या गावची तेवीस माणसं

प्रिय उगाय,

सोळा वर्षांत तुला एक अक्षर लिहिलं नाही, आणि आज लिहायला बसले तर पहिलं सुचतंय काय, तर आपली काळी डुकरीण व्यालीये. नऊ पिल्लं झाली. हसू आलं तर हस. तुझी मनांग, मोठी बहीण असून मला कधी नीट सुरुवात करता आली नाही, हे तुला ठाऊकच आहे.

आमा बरे आहेत. आई गेल्यापासून आपल्या बापाचं बोलणं कमी झालंय, पण सकाळी खाचरांच्या बांधावरून एक फेरी मारल्याशिवाय कॉफी घेत नाहीत. कुठे दगड निसटलाय, कुठे खेकड्यानं भोक पाडलंय, सगळं येऊन सांगतात. बांधावर चालायला आता माणसंच कमी उरलीत. आपल्या दानालानची निम्मी तरुण पोरं बागिओ शहरात, खाणीत नाहीतर परदेशात. शाळा मात्र चौथीपर्यंत झाली, आणि मास्तर पळून गेलेला नाही. जीप अजून खालच्या वळणापर्यंतच येते, तिथून दोन तासांची चढण आहे तशीच आहे.

पावसाळा सरता सरता वादळ आलं, ते नदीपलीकडे तुमच्या लुब्बोनलाही झोडपून गेलं असणार. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी भर दुपारी डोंगराची कूस खचली आणि आपला पाट तुटला. खापरपणज्यानं नुसत्या लाकडी पहारींनी कातळ फोडून आणलेला पाट, उगाय! चाळीस हात पाट नाहीसा झाला आणि खाचरं चार दिवसांत कोरडी पडली. पेरलेलं भाताचं आवण पिवळं पडायला लागलं. लावणी चुकली तर वर्षभर रताळी खायची, हे पोरांनासुद्धा कळत होतं. आणि दुखणं असं, की आपल्या बाजूची पाऊलवाटही दरडीबरोबर गेलेली. तुटल्या जागी पोचायचं तर तुमच्याच बाजूनं.

पण तुमच्याकडे जाणार कोण? आजोबांनी तुमच्या म्हाताऱ्यांशी भाले बदलून बोदोंग, सलोख्याचा करार, केला, तेव्हापासून दोन गावांत लग्नं झाली, सोयरीक झाली. धरणवाले तंबू ठोकायला आले तेव्हा आपली आई आणि तुझी सासू खांद्याला खांदा लावून ते उखडत होत्या. ते सगळं एका बाजारच्या दिवशी जीपमधल्या जागेवरून संपलं. तुमच्यातल्या एकानं माझ्या आविंगनच्या हातावर कोयता घातला, बोदोंग तुटला आणि नदीच्या पुलावरची ये-जा थांबली. तू पोटुशी होतीस. करारात बांधलेल्या लेकी-सुनांना माहेरी परतायची मोकळीक असते, तरी तू नवऱ्यापाशी, दाल्लोंगपाशीच राहिलीस. मी तेव्हा तुला काय काय म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

पाट तुटल्यावर गावची बैठक झाली. म्हातारे म्हणाले, मान खाली घालायची नाही. तरणे म्हणाले, मग काय खायचं, मान? बोदोंग सांभाळणारे आमाच, पण तुटलेल्या बोदोंगाच्या नावानं ते कुणाला हाक मारणार? तेवढ्यात माझा नवरा उठला. मी म्हटलं, “अहो, तुम्ही कुठे?” म्हणाला, “पाणी आणायला.” मी त्याचा सदरा धरला. ओरडले, की ज्यांनी हात घेतला ते आता डोकं घेतील. तर सगळ्या गावासमोर मला म्हणतो कसा, “कोयता माझ्या हाताला लागला, बायांग. तू तो डोक्यात घेऊन का बसलीयेस?”

एकटाच गेला. पुलाच्या मधोमध उभा राहिला, डावा हात वर करून. उजवा वर होत नाही, हे तुमच्या लोकांना माहीतच होतं. आम्ही बायका वरून बघत होतो. तुमच्या बाजूनं बराच वेळ कुणी हललं नाही. मग एक जण पुलावर आला, आणि त्याची वाकडी चाल बघून मी ओळखलं, दाल्लोंग. दोघं समोरासमोर आले. नंतर आविंगननं सांगितलं तेव्हा कळलं की तुझा नवरा पहिलं वाक्य काय बोलला. “साडू, जेवलास का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची तेवीस माणसं आली. पहारी, कुदळी, दोर घेऊन. अकरा दिवस तुमची माणसं वरच्या कड्याला दोरावर लटकून कातळ फोडत होती आणि आमची खालून दगड चढवत होती. पहिले दोन दिवस कुणी कुणाशी बोलेना. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाचा पाय घसरला, तुमच्यातल्यानं त्याला चड्डीला धरून वर ओढलं, चड्डी फाटली, आणि त्यानंतर कड्यावर नुसता हशा. मी पानांत भात बांधून नेत होते. आणि तुमच्याकडून डोक्यावर टोपली घेऊन कोण यायचं, ते तुला मी काय सांगणार?

तुझी लिन्नावा अगदी तुझ्यासारखी चालते, वाटेत काहीतरी सापडणारच आहे अशी. आमा रोज दगडावर बसून काम बघायचे. सातव्या दिवशी त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, “पोरी, तू कुणाची गं?” ती न घाबरता म्हणाली, “उगायची. आणि तुम्ही तेच ना, ज्यांना मला बघायचं नव्हतं?”

आमांनी हातातलं भाताचं पान खाली ठेवलं. म्हणाले, “मला कुणी विचारलं होतं, बाळ?”

मी चार पावलांवर भात वाढत होते. मान वर केली नाही.

पाणी आलं, उगाय. अकराव्या दिवशी दुपारी पाटातून गढूळ पाणी आलं, आणि आपला म्हातारा बाप गुडघाभर चिखलात उतरून तुझ्या सासऱ्याच्या गळ्यात पडला. आवण वाचलं. आता पुढच्या पौर्णिमेला सकाळी, लावणीआधी, बोदोंग पुन्हा बांधायचं ठरलंय. रेडा आमचा, उसाची दारू तुमची. आमांनी सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्यामागे हा बोदोंग माझी धाकटी लेक सांभाळेल. तिला दोन्ही गावं ठाऊक आहेत.

पण तू त्या दिवशी येण्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी, आणि ती माझ्याच हातून. लिन्नावा महिन्याची असताना तू खारे मासे विकणाऱ्या मर्सीबाईकडे निरोप दिला होतास, बाळ दाखवायला आणू का म्हणून. ती आली तेव्हा आमा रानात होते. मी आविंगनच्या जखमेतला पू पुसत होते. मी तिला सांगितलं, “आमा म्हणतात, येऊ नकोस, त्या गावचं पोर आम्हाला बघायचं नाही.” आमांना मी निरोप सांगितलाच नाही. आई जायच्या आधी तीन वर्षं तुझी वाट बघत होती. मी तिलाही सांगितलं नाही. आधी रागानं, मग भीतीनं, आणि मग इतकी वर्षं झाली म्हणून. लिन्नावानं विचारल्यापासून आमा रोज म्हणायचे, “त्या पोरीला असं कुणी सांगितलं असेल गं?” काल रात्री मी सांगितलं. ते रागावले नाहीत, हेच जड गेलं. ताट बाजूला सारून एवढंच म्हणाले, “आधी तिला लिही. मग मला वाढ.” म्हणून हे पत्र. लिन्नावा दारात थांबलीये, तिच्याच हाती देतेय. घडी मोडून वाचलंस तर वाचू दे तिलाही. पौर्णिमेच्या सकाळी मी एकटीच पुलावर येऊन उभी राहीन. तुला मला जे म्हणायचंय ते तिथेच म्हण, मोठ्यानं म्हण, खाली नदीचा आवाज फार असतो. ऐकून घेतल्याशिवाय मी हलणार नाही. मग तुला वाटलं तर घरी जाऊ. आता आमांना वाढते, ते जेवायचे थांबलेत.

तुझीच मनांग,
बायांग