चांदीची डबी, नग एक

बडोदे, ता. ३ फेब्रुवारी १९७५

ती. अप्पांस,
चि. दाक्षायणीचे सा. शरणार्थ वि. वि.

तुमचे पत्र आणि शेंगाचटणी दोन्ही पोचली. तिखट आहे, तिखट आहे म्हणत खोलीतल्या मुलींनीच चटणी संपवली. अव्वाला सांगा, तिची लेक इथल्या गोड वरणाला अजून शरण गेलेली नाही.

एम.ए.चे हे शेवटचे सत्र. संग्रहालयशास्त्र म्हणजे जुन्या भांड्यांवरची धूळ झटकणे, असे तुमच्या शाळेतले मास्तर म्हणतात ना, ते थोडे खरेच आहे. प्रात्यक्षिकासाठी इथल्या एका खाजगी संग्रहालयाच्या कोठारातल्या वीस वस्तूंची मापे, वजने आणि माहिती लिहायची आहे. किल्ली दिवसभर माझ्याच कमरेला असते. आमच्या मार्गदर्शक बाईंनी मुद्दाम आपल्या भागातल्या वस्तू मला दिल्या. त्यातली एक पाहून मी चरकले. लहान मुलाच्या गळ्यातली लिंगाची डबी! नोंदवहीत एवढेच आहे : 'चांदीची डबी, नग एक. उपयोग अज्ञात. मैंदर्गी, १९३९.' हलवली तर आत खुळखुळते, म्हणजे लिंग आतच आहे. आपल्या लिंगायतांत गळ्यातले लिंग माणसाबरोबर मातीत जाते, डबी तेवढी मागे राहते. मग हे बाहेर कसे राहिले?

५ मार्चला बाहेरचे परीक्षक येणार. त्यांच्यासमोर मला ती उघडून दाखवायची आहे. माझा हात होणार नाही असे वाटते. तुम्ही मैंदर्गीचे, म्हणून विचारते.

तुमच्या मायेची,
दाक्षू

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ता. ८ फेब्रुवारी १९७५

चि. दाक्षायणीस अ. उ. आ.

तुझे पत्र काल मिळाले. इकडे सर्व ठीक.

डबी उघडू नकोस. कोणालाही उघडू देऊ नकोस. झाकणाच्या कडेवर बारीक दातांचे दोन खळगे आहेत का ते पाहा आणि उलट टपाली कळव. उत्तर घरी नको, शाळेच्या पत्त्यावर पाठव. मैंदर्गीला तुझ्या गौराआत्याला यातले अक्षर कळता कामा नये. का ते विचारू नकोस.

अव्वा पुन्हा चटणी कुटते आहे. प्रकृतीस जप.

वीरभद्रप्पा

बडोदे, ता. १३ फेब्रुवारी १९७५

ती. अप्पांस सा. शरणार्थ वि. वि.

खळगे आहेत. दोनच, अगदी शेजारी शेजारी. भिंगाखाली पाहिले तेव्हा कळले. मी तर ते पत्रात लिहिलेच नव्हते. तुम्हाला कसे ठाऊक?

'का ते विचारू नकोस' असे तुम्ही वर्गातल्या पोरांनाही कधी म्हटले नाही. मला तीन दिवस जेवण गोड लागलेले नाही. काय असेल ते लिहा. तुमची माझ्यावरची माया तेवढीच ठेवा.

दाक्षू

सोलापूर, ता. १८ फेब्रुवारी १९७५

चि. दाक्षायणीस अ. उ. आ.

ती डबी नीलीची. नीलम्मा, माझी धाकटी बहीण. तू हे नाव ऐकलेले नाहीस, कारण घरात मी ते कधी निघू दिले नाही. पाच वर्षांची होती. डबी तोंडात घालून चावायची, म्हणून तुझ्या आजीच्या हातचे धपाटे खायची. १९३८च्या उन्हाळ्यात तापाने तीन दिवसांत गेली.

शेताच्या बांधाजवळ, आपल्या रीतीप्रमाणे, तिला खड्ड्यात बसवली, डाव्या तळहातावर लिंग ठेवले. मी नऊ वर्षांचा. विभूती वाहायला मला खाली उतरवले, तेव्हा मी ते लिंग उचलून मुठीत घेतले. लिंगावाचून ती जाणारच नाही, परत येईल, असे मला वाटले. कोणाला कळले नाही. घरी रिकामी डबी होती, तिच्यात घालून गोठ्याच्या भिंतीतल्या भोकात लपवली. पंधरा दिवसांनी पाहतो तर भोक रिकामे. कोणी नेली ते आजवर कळले नाही. माझ्यामुळे ती पोर रिकाम्या हाताने गेली. गौराअक्काने तिला कडेवर वाढवली होती. तिला कळले तर ती माझे तोंड पाहणार नाही.

दाक्षू, किल्ली तुझ्याकडे आहे. डबी घेऊन सरळ घरी ये. तशीच दुसरी मी सराफाकडून करून पाठवतो, ती तिथे ठेव. कोणाला फरक कळणार नाही. बापासाठी एवढे कर.

वीरभद्रप्पा

बडोदे, ता. २३ फेब्रुवारी १९७५

ती. अप्पांस सा. शरणार्थ वि. वि.

तुमचे पत्र वाचून मी रडले आणि मग चिडले. शाळेतला खडूचा तुकडा खिशातून घरी आणला, म्हणून तुम्ही मला भर उन्हात परत करायला पाठवले होते. आता नव्या डबीवर दातांचे खळगेही करून घेणार होतात का?

तरी खरे सांगते. काल कोठारात एकटी होते. डबी पदराखाली घेऊन दारापर्यंत गेले. मग परत जागेवर ठेवली आणि बाईंना सगळे सांगितले. रागवायचे तर रागवा.

बाईंनी नोंदवही तीनदा वाचली. म्हणाल्या, इथे डबी एक एवढेच लिहिले आहे, आतल्या वस्तूची नोंदच नाही. जे संग्रहालयाने कधी नोंदवले नाही ते परत देता येईल, डबी मात्र इथेच राहील. पण संग्रहालयाच्या समितीला घरच्यांचा लेखी जबाब हवा : लिंग कोणाचे, बाहेर कसे आले. त्यावर तुमची सही, आणि त्या दिवशी तिथे हजर असलेल्या दुसऱ्या माणसाची. तो कागद ३ मार्चपर्यंत आला नाही, तर ५ तारखेला सगळ्यांसमोर डबी उघडावी लागेल आणि आतले तिच्याबरोबर कायमचे नोंदले जाईल.

त्या दिवशीचे आता कोण उरले आहे ते तुम्हाला माहीत आहे. अप्पा, मैंदर्गीला जा.

हट्टी असले तरी तुमचीच,
दाक्षू

बडोदे, ता. ३ मार्च १९७५

ती. अप्पांस सा. शरणार्थ वि. वि.

आज दुपारच्या टपालाने कागद आला. तोवर मी पोस्टमनच्या वाटेवर दोन तास उभी होते. तुमची सही आणि शेजारी आत्याचा अंगठा पाहिला. समितीने संध्याकाळी मान्यता दिली. बाई बाहेर थांबल्या, डबी मी एकटीने उघडली. लिंग बोराएवढे आहे, काळेभोर. नोंदवहीतले 'उपयोग अज्ञात' खोडले, तिथे नीलम्माचे नाव आणि वय माझ्या हाताने लिहिले.

परवा परीक्षा. बारा तारखेला निघते. पण आत्या काय म्हणाली ते तुम्ही एका अक्षराने कळवले नाही. तो घोर जीवाला लागला आहे.

दाक्षू

मैंदर्गी, ता. ७ मार्च १९७५

चि. दाक्षायणीला गौरम्मा आत्याचा आशीर्वाद.

मला लिवता येत न्हाय, म्हणून वीरभद्र लिवतोय. मी सांगीन तसंच लिव, गाळायचं न्हाय, अशी तंबी दिली हाय.

त्या दिवशी तुजा बाप आला आन् उंबऱ्यावरच बसला. आत ये म्हटलं तर येईना. कागद पुढं केला. वाचून दावतो म्हणाला, मी नको म्हटलं, अंगठा दिला. तो तसाच उठून गेला. काल परत बोलावून घेतला. आता त्यानं हे लिवायचं. नीलीला बसवली तवा मी त्याच्या मागंच हुबी हुते. त्यानं मूठ झाकली ती मी बगितली. वरडले न्हाय. नीली परत येईल आसं मलाबी वाटलं की. चवदा वर्साची हुते मी, मला कळाया पायजे हुतं. सदतीस वर्सं वाट बगितली, हा कवा सांगतोय म्हणून.

(येथे मी थांबलो होतो. अक्का थांबू देत नाही. – वी.)

तू येशील तवा लिंग पेटीत, पिशवीत टाकू नको. हातात धरून आण. अक्कलकोटच्या स्टँडावर आमी दोगं येतो. पोर लई वर्सं परमुलखात हुती, तिला न्यायला घरची माणसं नगंत व्हय?

गौरम्माचा अंगठा.
लिहिणार वीरभद्रप्पा, नीलीचा भाऊ.