चौघांच्या पिशव्या

१४ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. अक्षर वाकडं आलंय, त्याचं कारण पुढे सांगते. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

रविवारी गाडी घेऊन यायचं आणि कुत्रा, मांजर, पोपट, मासा, चौघांनाही प्राण्यांच्या आश्रमात सोडायचं, असं तू ठरवूनच टाकलंयस. "आई, उद्या काही झालं तर एकटीला झेपणार आहे का तुला?" हे तुझं बोलणं माझ्या डोक्यात बसलंय. तुझे बाबा गेल्यापासून या चौघांशिवाय घरात मला आहे कोण? म्हटलं, थांब, दाखवतेच.

चार पिशव्या शिवल्या. गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडाच्या, पण शिलाई दुहेरी. कुत्र्याच्या पिशवीत कोरडं खाणं, वाटी, जादा पट्टा, फिट्सच्या गोळ्या आणि लसीचा कागद प्लॅस्टिकमध्ये. मांजरीला वाळू आणि उशीचा अभ्रा. बाईसाहेब पिंजऱ्यात शिरायला तयार नाहीत, म्हणून अभ्र्यालाच चेन लावली. पोपटाला दाणे आणि पिंजऱ्यावर टाकायला जाड कापड, अंधार झाला की तो गप्प बसतो. माशाला झाकणाची बरणी आणि सेलवर चालणारा हवेचा पंप. सगळ्या दाराशी खुंटीला टांगल्या. शेजारचे कुलूपवाले काका म्हणाले, "मासा फिरायला निघाला वाटतं!"

हसा म्हटलं.

मंगळवारी दुपारी कालवा फुटला. आता ओरडू नकोस, पुढे वाच. पाणी पायरीला लागलं, पण मी जराही गांगरले नाही गं! मांजर अभ्र्यात, चेन बंद. मासा बरणीत. कुत्र्याला पट्टा. पोपटाचा पिंजरा काकांनी उचलला आणि भर पाण्यात उभे राहून म्हणाले, "अहो, हे तर माझ्या पँटचं कापड!" मी म्हटलं, "चला आधी, माप नंतर घेते."

शाळेच्या वर्गात आम्हाला जागा दिली. सगळे माझ्या पिशव्या बघायला आले. मासा बरणीत मजेत फिरत होता. माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! काकाच म्हणाले, "आमच्या सशालाही एक शिवा."

तेवढ्यात काकूंनी विचारलं, "आणि तुमची पिशवी?"

माझी? अगं, ती शिवायचं डोक्यातच आलं नाही. चष्मा, प्रेशरच्या गोळ्या सगळं घरात, आणि पायात चप्पलसुद्धा नाही. गोळ्या दुसऱ्या दिवशी मिळाल्या. चष्मा अजून नाही, म्हणून हे अक्षर.

आणि शिलाई मशीन. तुझ्या बाबांनी घेऊन दिलेलं. ते मला उचलेना. पाण्यात बुडलं. रडले मी, खोटं कशाला बोलू? कुत्रा मांडीवर डोकं ठेवून बसला होता, हलला नाही.

रविवारी नक्की ये. गाडीही आण, मशीन दुरुस्तीला न्यायचंय. या चौघांना मात्र मी कुठेही पाठवणार नाही. पाचवी पिशवी हातानेच शिवतेय, माझी. दोरा काकू ओवून देतात.

झेपलं गं मला.

तुझी आणि या चौघांची,
आई