ठकुबाईची चिनी गोष्ट

मार्गासनी, ता. वेल्हे
१९ ऑगस्ट १९६९

प्रिय शुभा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. उलट टपाली उत्तर हवं असं बजावलं होतंस, तरी मला उशीर झाला. आईला विचारल्याशिवाय लिहिता येत नव्हतं. का, ते पुढे येईलच.

इकडे भातलावणी उरकली. गुंजवणीला पाणी भरपूर आहे. ह्यांची नोकरी भोरच्या कचेरीतच, शनिवारी घरी येतात. माझ्या चौथीच्या वर्गात यंदा मुली वाढल्यात, त्यामुळे मी खुशीत आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, पण चिखलात माझ्याआधी उतरते आणि माझी रोपं वाकडी लागली म्हणून ओरडते.

तू भाषांतर केलेलं पुस्तक फार देखणं झालंय. मुखपृष्ठावर ‘चिनी’ हा शब्द ठसठशीत आहे, त्याचा मला विशेष आनंद. बासष्टच्या लढाईनंतर ह्याच प्रकाशकांनी ‘चिनी नको, पूर्वेकडच्या गोष्टी म्हणा’ असं सांगितलं तेव्हा तू सगळं बाड उचलून घरी परत आली होतीस. तीच तू एका प्राध्यापकाच्या लेखाने एवढी हबकावीस?

साप्ताहिकातल्या त्या लेखाचं कात्रण वाचलं. नदीच्या गोष्टीचा शेवट मुळात नाही, भाषांतरकर्तीने तो पदरचा घातला, असा त्यांचा आरोप. प्रकाशक म्हणतात, आधार दाखवा, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीतून गोष्ट काढतो. आणि तू मला विचारतेस, ‘लीला, ट्रेनिंग कॉलेजात तो शेवट तूच मला सांगितला होतास. कुठल्या पुस्तकात वाचलास?’

शुभा, मी तेव्हाही सांगितलं होतं. वसतिगृहात तू तुझ्या वडिलांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन आम्हाला मराठीत गोष्टी सांगायचीस. दिवाळीच्या सुट्टीत मी त्या घरी आईला सांगितल्या. परत आल्यावर तुला म्हणाले, ‘आमची आई नदीची गोष्ट निराळी सांगते.’ तू हसलीस. म्हणालीस, ‘आईंकडे कुठलं पुस्तक असणार?’ पण शेवट मात्र तुला इतका आवडला की तू तो माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकलास.

तर पुस्तक नाही. आई आहे.

आता तूच तुझी प्रस्तावना उघड. तू लिहिलंयस की ही गोष्ट पहिल्यांदा कुणी लिहिली ते ठाऊक नाही. जुन्यात जुन्या प्रतीत नदीवरचा पूल टिकत नाही, म्हणून गावातली एक मुलगी नदीला देतात. ती बुडते, पूल टिकतो, गोष्ट संपते. पुढच्या कुणा लेखकाला ते बोचलं असणार, त्याने तिला नदीची देवी केलं. त्यानंतरच्याने तिचं देऊळ बांधलं आणि जुलमी अधिकाऱ्याला शिक्षा दिली. मग ज्या गोऱ्या पाद्र्याने ती इंग्रजीत आणली, त्याने बुडताना तिच्या तोंडी प्रार्थना घातली. हे सगळे त्या गोष्टीचे लेखक, त्यांना कुणी आधार विचारला नाही. मग मार्गासनीच्या ठकुबाईलाच का विचारायचा?

आईच्या गोष्टीत मुलगी बुडत नाही. बुडी मारते, पलीकडच्या काठाला निघते आणि चालू लागते. अलीकडच्या काठाला लोक तिची देवी करतात, देऊळ बांधतात, नारळ फोडतात. ती लांबच्या गावात भात लावत असते. एकदा यात्रेकरू तिलाच वाट विचारतात, ‘बाई, नदीच्या देवीचं देऊळ कुठं?’ ती बोट दाखवते आणि पुन्हा लावणीला वाकते.

इथवर तुला माहीत आहे. माहीत नाही ते मी कधी बोलले नाही, कारण ते बोलायचा हक्क माझा नव्हता. काल आईने तो दिला.

आईचं माहेर नीरेकाठी, किकवीच्या पलीकडे. तिचा धाकटा भाऊ आजारी पडला तेव्हा तिच्या वडिलांनी देवाला नवस केला, पोरगा जगला तर थोरली पोर मुरळी म्हणून सोडीन. पोरगा जगला. देवाशी लग्न लागायचं त्या दिवशी बायकांनी आईला अंघोळीला नदीवर नेलं. भंडारा, नवं लुगडं, हलगी, सगळी तयारी होती. ती परकरी पोर होती. पाण्यात उतरली ती सरळ पलीकडे निघाली आणि ओल्या कपड्यांनी चालत मावशीचं घर गाठलं. मावशीने दार लावून घेतलं ते तिला आत घेऊन. पुढे तिनेच आईला वाढवलं आणि माझ्या वडिलांना, रखमाजींना दिली. माहेरी आई परत कधी गेली नाही.

मी तुझी गोष्ट सांगितली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मुलगी बुडाल्यावर म्हणाली, ‘आन मग?’ मी म्हटलं, ‘मग देवी झाली.’ सूप खाली ठेवून म्हणाली, ‘बुडली कशापायी? हात-पाय न्हवतं व्हय तिला?’ आणि तिथून पुढची गोष्ट तिनेच सांगितली.

काल विचारलं, ‘आई, शुभाला खरं कळवू का? पुस्तकात तुझं नाव येईल. लोक विचारतील.’

‘इचारू दे. म्या काय चोरी केली?’

‘मग गोष्ट तुझीच म्हणायची का?’

तिने आधी गुडघे चोळले. मग म्हणाली, ‘न्हाई. पोरगी तिकडचीच हाय, चीनची. तिला तिकडचीच ऱ्हाऊ दे. म्या फकस्त तिला पान्यातनं भाईर काढली. तेवढं लिव्हा.’

तेवढंच तू लिही. साप्ताहिकाला उत्तर दे, की शेवट मार्गासनीच्या ठकुबाई रखमाजी यांचा आहे, तो मी जाणूनबुजून ठेवला आहे, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांचं नाव छापलं जाईल. आईच्या माहेरचं मात्र त्यात लिहू नकोस. ते मी तुला सांगितलंय, साप्ताहिकाला नाही. प्रकाशकांना पटलं नाही तर बाड उचलून घरी कसं यायचं हे तुला मी शिकवायला नको.

तुझ्या बाजूने खंबीर उभी असलेली,
लीला


मार्गासनी
२३ फेब्रुवारी १९७०

प्रिय शुभा,

सप्रेम जयभीम.

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. दुसरी आवृत्ती निघणार आणि गोष्ट त्यात राहणार, हे वाचून ह्यांनी घरात पेढे आणले. साप्ताहिकातल्या तुझ्या उत्तराची प्रत शाळेच्या भिंतीवर लावली आहे. त्यानंतर प्राध्यापकांनी ‘गावठी भर’ असं लिहिलं ते आईला वाचून दाखवलं. तिला राग आला नाही. म्हणाली, ‘गावातच ऱ्हाते की मी.’

भोरच्या वाचनालयातल्या कार्यक्रमात तू स्वतः बोलायचं सोडून आईला उभं केलंस, हे मी जन्मभर विसरणार नाही. शाळेत मी रोज पंचवीस पोरांपुढे बोलते, तरी त्या दिवशी तिथे बोलायचा धीर मला झाला नसता. आईला झाला. कोट घातलेल्या त्या गृहस्थांनी ‘मूळ गोष्टीत असं आहे का?’ असं विचारलं आणि आई म्हणाली, ‘मूळवाला कोन, त्येला मी कुटं वळखती? त्यानं त्याची पोर बुडवली आसंल. माझी न्हाई बुडायची.’ टाळ्या तू ऐकल्यासच. तू माझा हात इतका आवळलास की बांगडी पिचली.

तू पुण्याच्या गाडीत बसलीस त्यानंतरचं सांगायला हे पत्र.

आम्ही स्टँडवर नसरापूरच्या गाडीची वाट बघत होतो. पहिल्या रांगेत बसलेल्या एक बाई मागून आल्या. सौदामिनीबाई नाव सांगितलं, वकिलांच्या घरातल्या. आईच्या शेजारी बाकावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘आजी, एक राहून गेलं विचारायचं. त्या मुलीने पलीकडे गेल्यावर मागे वळून पाहिलं का हो?’

आई पटकन म्हणाली, ‘न्हाई.’

बाई मान हलवून गेल्या. गाडी आली. खिडकीशी जागा मिळाली. कापूरहोळ गेलं तरी आई खिडकीबाहेरच बघत होती. मला वाटलं दमली असेल. मग एकदम म्हणाली, ‘लीले, म्या त्या बाईला खोटं सांगितलं. बघितलं व्हतं मागं.’

मी तिच्याकडे वळले.

‘समद्या बायका हलगीकडं बघत व्हत्या. माझी आई तेवढी पान्याकडं बघत व्हती. म्या पल्याड काठावर उभी, ती त्या काठावर. आमची नजरानजर झाली. तिनं हाक मारली आसती तर गडी धावलं आसतं, धरून आनली आसती मला.’

‘मग?’

‘हाक न्हाई मारली. पदर तोंडात धरला आन दुसरीकडं वळून बायकांशी बोलाया लागली, मोठ्यामोठ्यानं. तवा म्या पळाले.’

शुभा, इतकी वर्षं मी समजत होते की आई एकटी सुटली. तीही तसंच सांगत आली. आजीचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. पोर देवाला द्यायला निघालेली बाई, एवढीच तिची ओळख. तिने घरी त्या दिवशी काय सोसलं असेल कोण जाणे. आई परत कधी तिला भेटली नाही.

नसरापूरला उतरताना आईने माझा खांदा धरला. म्हणाली, ‘दुसऱ्या बारीला छापनार हाय न्हवं? मग शुभाला कळव. अल्याड काठावर तिची आई उबी ऱ्हाऊ दे. तिनं हाक मारली न्हाई, आसं घाल.’

मी विचारलं, ‘आणि नाव? तुझं तर येईलच.’

‘तिचं बी घाल. बाळाबाई.’

तर दुसऱ्या आवृत्तीसाठी ही भर पाठवते आहे. कुणी आधार विचारला तर सांग, नीरेच्या काठावर एक बाई गप्प राहिली होती.

तुझी,
बाळाबाईची नात, ठकुबाईची मुलगी
लीला